पाडलेल्या चित्रपटगृहाचे कागद तरी राखा

प्रति,
समुद्रकाठच्या नगरांच्या पालिका, तेथील अभिलेखागारे आणि स्थानिक इतिहास मंडळे यांस

सप्रेम नमस्कार.

समुद्रकाठच्या एखाद्या वस्तीतले चित्रपटगृह बंद पडते, काही वर्षे कुलूप लावून तसेच उभे राहते, मग पाडले जाते, आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी कोणीतरी त्याचा इतिहास लिहायला बसते. असे इतिहास मी आवडीने वाचते आणि त्यांतले एक-दोन जुळवण्याचा प्रयत्न मी स्वतःही केला आहे. दर वेळी हाती लागते ते साधारण सारखेच असते: उद्घाटनाची तारीख, पहिल्या चित्रपटाचे नाव, मालकांची नावे, दर्शनी भागाचे एखादे छायाचित्र आणि बंद पडल्याचे वर्ष. मधली तीस-चाळीस वर्षे, म्हणजे ज्या काळात तिथे रोज दोन-तीन खेळ होत होते, लोक रांगा लावत होते आणि पाच-पंचवीस माणसे तिथल्या पगारावर घर चालवत होती, तो सगळा काळ कोराच राहतो. लिहिणाऱ्याने कष्ट घेतले नाहीत म्हणून असे होते, असे मला वाटत नाही. त्या वर्षांचे कागद ज्यांच्या ताब्यात होते त्यांनी ते रद्दीत काढलेले असतात, आणि ते राखण्याजोगे आहेत हे त्यांना कधी कोणी सांगितलेले नसते. ते सांगावे म्हणून हे पत्र मी आपणांस उघडपणे लिहीत आहे.

गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफचे नाव भारतीय चित्रपटाच्या इतिहासात हटकून येते, कारण दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी सर्वांसाठी तिथे लागला. चौपाटीपासून चालत जाण्याच्या अंतरावरचे ते थिएटर आज नाही. त्या एका दिवसाविषयी वाचकाला जेवढे ठाऊक असते त्याच्या शतांशही त्याच थिएटरच्या बाकीच्या दिवसांविषयी ठाऊक नसते. त्याआधीच्या आठवड्यात तिथे काय चालू होते, भर पावसाळ्यात किती लोक येत, पडद्यापुढे बसून वाजवणारे वादक कोण होते, दारावर तिकीट फाडणारा माणूस कुठे राहत होता, हे प्रश्न फारसे कोणी विचारत नाही, कारण त्यांची उत्तरे मिळतील ही अपेक्षाच उरलेली नाही. ज्या थिएटरला इतिहासात एवढे मानाचे पान आहे त्याची ही गत असेल, तर ज्याच्या पडद्यावर कधीच कोणता ‘पहिला’ चित्रपट लागला नाही, जिथे फक्त आसपासच्या चार गल्ल्यांतले लोक आठवड्याला एकदा नेमाने येत होते, त्या चित्रपटगृहाच्या वाट्याला काय येत असेल, याचा विचार आपण करावा.

हा इतिहास इतक्या सहज पुसला जातो याचे एक कारण त्या धंद्यातच आहे. चित्रपटगृहाकडे स्वतःचा असा चित्रपट नसतो. फिल्मच्या काळात वितरकाकडून रिळांच्या पेट्या येत, चित्रपट आठवडाभर किंवा चांगला चालला तर आणखी काही दिवस दाखवला जाई, आणि पेट्या पुढच्या गावाला रवाना होत. त्यामुळे चित्रपटांचे जतन करणाऱ्या संस्थांत त्या इमारतीची खूण क्वचितच सापडते. इमारतीचे स्वतःचे म्हणावे असे जे काही घडते ते फक्त कागदावर उतरते: परवान्याचे अर्ज, नकाशे, तपासनीसांचे अहवाल, रोजच्या विक्रीच्या वह्या, वितरकांशी झालेला पत्रव्यवहार, पगाराची नोंदवही आणि वर्तमानपत्रातल्या दोन ओळींच्या जाहिराती. यांतल्या जाहिराती जुन्या वर्तमानपत्रांबरोबर ग्रंथालयांत टिकल्या. बाकीचे काही मालकाकडे असते आणि काही आपल्याकडे. माझ्या मते आपल्याकडचे अधिक भरवशाचे, कारण चित्रपटगृहाचा मालक दर दहा-पंधरा वर्षांनी बदलतो आणि जुन्या मालकाच्या वह्या नव्या मालकाला अडगळ वाटतात.

परवान्याची फाइल ही मुळात आगीच्या भीतीतून जन्मलेली आहे. पॅरिसमध्ये ४ मे १८९७ रोजी एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या यंत्राच्या ईथरच्या दिव्यापासून आग लागली आणि सव्वाशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. तिच्या ज्वलनाला लागणारा प्राणवायू तिच्यातूनच सुटत असल्यामुळे ती एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा विझत नाही. ब्रिटनने १९०९ मध्ये कायदा करून १ जानेवारी १९१० पासून चित्रपट दाखवण्याच्या जागेला स्थानिक परवाना सक्तीचा केला आणि प्रोजेक्टरची खोली प्रेक्षागारापासून आगीला दाद न देणाऱ्या भिंतीने वेगळी करायला लावली. भारतात सिनेमॅटोग्राफचा पहिला कायदा १९१८ चा. सहज पेट न घेणारी सुरक्षित फिल्म सर्वत्र रुळली ती १९५० च्या सुमारास, म्हणजे तीन-चार दशके दर वर्षी कोणीतरी सरकारी माणूस टेप आणि वही घेऊन प्रत्येक चित्रपटगृहात शिरत होता, दारे मोजत होता, वाळूच्या बादल्या पाहत होता आणि पाहिलेले लिहून ठेवत होता. वस्तीतल्या दुसऱ्या कोणत्या दुकानाची किंवा करमणुकीच्या जागेची इतकी नियमित नोंद कोणी ठेवली असेल, असे मला वाटत नाही.

अशी एक फाइल मी हाताळली आहे. ट्रेसिंगच्या कापडावर शाईने काढलेला नकाशा होता आणि घडीच्या जागी तो तपकिरी पडून विरत चालला होता. विटांच्या भिंती तांबड्या रंगाने भरल्या होत्या, लोखंडी खांब निळ्या रंगाने. पडद्याच्या दोन्ही अंगांना बाहेर पडण्याची दारे होती आणि ती थेट किनाऱ्याकडे उघडत होती. खुर्च्यांच्या रांगा एकेक करून आखल्या होत्या, पण मागच्या दोन रांगांवर कोणीतरी पेन्सिलीने काट मारून समासात नवा आकडा लिहिला होता आणि त्याखाली आद्याक्षरे व तारीख घातली होती. त्या थिएटरविषयीच्या सगळ्या लेखांत मी खुर्च्यांची जी संख्या वाचली होती ती ही काट पडण्यापूर्वीची निघाली. मागच्या पानांवर तपासनीसाचा शेरा होता की किनाऱ्याकडच्या दाराचा अडसर गंजून अडकतो, त्याला दरमहा तेल द्यावे. पुढच्या वर्षी तोच शेरा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तोच, आणि चौथ्या वर्षी दार बदलल्याची नोंद. मध्यंतरात ती दारे उघडली की लाटांचा आवाज आत येत असणार, हे मला तो नकाशा पाहिल्यावर प्रथम सुचले. दर्शनी भागाच्या छायाचित्राने ते कधीच सुचवले नसते.

समुद्रकाठच्या चित्रपटगृहाचा धंदा आतल्या भागातल्या चित्रपटगृहासारखा नसतो, आणि लिहिलेल्या इतिहासांत हा फरक फारसा उतरत नाही. त्याचे प्रेक्षक दोन प्रकारचे असतात: हंगामात येणारे पाहुणे आणि बारा महिने राहणारे रहिवासी. पाहुण्यांच्या दृष्टीने चित्रपटाचा खरा प्रतिस्पर्धी दुसरे थिएटर नसून चांगली हवा असते. ऊन पडलेल्या संध्याकाळी सगळे वाळूत असतात, आणि पावसाची सर आली की तेच लोक ओल्या कपड्यांनिशी तिकिटाच्या खिडकीपाशी गर्दी करतात. हंगाम संपला की मात्र त्याच खुर्च्या वस्तीतल्या माणसांनी भराव्या लागतात, आणि ती माणसे तीच ती असल्यामुळे चित्रपट लवकर बदलावा लागतो. ब्रिटनमधल्या वस्तीतल्या चित्रपटगृहांत आठवड्यातून दोनदा कार्यक्रम बदलण्याची रीत होती ती यासाठीच. रोजच्या विक्रीच्या वहीत हे सगळे दिसते. एखाद्या वर्षीची विक्री अचानक का वाढली याचे उत्तर चित्रपटात शोधण्याआधी त्या महिन्याच्या हवामानाच्या नोंदी पाहाव्यात, असे मी स्थानिक इतिहास मंडळांतल्या लेखकांना आवर्जून सुचवीन. त्या नोंदी बहुतेक बंदरांच्या गावी जपलेल्या असतात.

दुसरा फरक खाऱ्या हवेचा. काँक्रीटमध्ये क्षार मुरत गेले की आतल्या लोखंडी सळ्या गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा घेतो आणि बाहेरचे काँक्रीट फोडून काढतो. छज्जे, नावाची मोठी अक्षरे, छताचे पत्रे, जिन्याचे कठडे, प्रोजेक्टरचे दातेरी भाग, यांतले काहीही दुर्लक्ष सहन करत नाही. नफा होत असतो तोवर रंगरंगोटी होते. नफा घटला की पहिली काटछाट तिथेच होते आणि पाच-सहा वर्षांत इमारत ‘धोकादायक’ ठरण्याच्या वाटेला लागते. पाडण्याच्या आदेशात तेवढा धोका लिहिलेला असतो. त्याआधीची देखभालीची कहाणी परवान्याच्या फाइलीत असते.

आणि कधी समुद्र स्वतःच आत येतो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हारविच बंदरातले इलेक्ट्रिक पॅलेस हे छोटे चित्रपटगृह नोव्हेंबर १९११ मध्ये सुरू झाले. १९५३ च्या उत्तर समुद्राच्या महापुरात त्याचे नुकसान झाले, त्यातून ते सावरले नाही आणि १९५६ मध्ये बंद पडले. १९७२ मध्ये गावाची पाहणी करणाऱ्या विद्यार्थ्यांचे त्याच्याकडे लक्ष गेले, त्याला संरक्षित इमारतीचा दर्जा मिळाला आणि १९८१ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. सोळा वर्षे ती इमारत कोणाच्या गणतीत नव्हती, आणि ती वाचली ती कोणीतरी वही घेऊन गल्ल्यांतून फिरले म्हणून. अशी फिरस्ती आपल्या मंडळांच्या आवाक्यातली आहे.

आता इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्ट्समथच्या एका वहीविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण माझ्या मागणीचा सगळा आधार तिच्यात आहे. या बंदराच्या नॉर्थ एंड भागात रीजंट नावाचे चित्रपटगृह होते. ते आज नाही. पण तिथल्या १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या प्रेक्षकसंख्येची खतावणी टिकली, आणि चित्रपट-इतिहासकार सू हार्पर यांनी तिच्यावर २००४ आणि २००६ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध केले. कोणत्या चित्रपटाला किती लोक आले हे आकडे समोर असल्यामुळे त्यांना त्या कनिष्ठ मध्यमवर्गीय वस्तीची आवडनिवड पारखता आली, आणि युद्धाच्या काळात ती कशी बदलत गेली हेही पाहता आले. एरवी आपण म्हणतो की अमुक वर्षी अमुक चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला. कोणत्या लोकांनी? राजधानीतल्या मोठ्या थिएटरांत, की कारखान्यातून आणि गोदीतून सुटून आलेल्यांनी वस्तीतल्या थिएटरात? चित्रपटगृहाची वही नसेल तर या प्रश्नाला अंदाजापलीकडचे उत्तर नाही. एका नाहीशा झालेल्या इमारतीची एक वही कोणीतरी फेकून दिली नाही, एवढ्यावर हे काम उभे राहिले.

नेदरलँड्समध्ये याच दिशेने आणखी मोठे काम झाले आहे. तिथे २००६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातून, कारेल डिबेट्स यांच्या पुढाकाराने, देशातली चित्रपटगृहे, ती चालवणारी माणसे आणि तिथे लागलेले कार्यक्रम यांची एकत्र नोंद सर्वांसाठी खुली करण्यात आली. आठवडेच्या आठवडे वर्तमानपत्रांतल्या जाहिराती वाचून कोणीतरी हे भरले. आपल्या गावातल्या एका चित्रपटगृहापुरते हे काम करायला विद्यापीठ लागत नाही. दोन माणसे, ग्रंथालयातली जुनी वर्तमानपत्रे आणि वर्षभराचे रविवार पुरतात. मात्र एक पथ्य पाळावे लागते. जाहिरातीत जे छापले तेच दाखवले गेले असे धरून चालू नये; पेट्या वेळेवर पोहोचल्या नाहीत की ऐन वेळी जुनाच चित्रपट पुन्हा चढवला जाई. म्हणूनच जाहिरात आणि विक्रीची वही दोन्ही शेजारी ठेवून पाहता आली तर इतिहास पक्का होतो.

पाडकामाला परवानगी देताना आपले अभियंते दर्शनी भाग पाहतात, फार तर जिना आणि छताची नक्षी पाहतात. प्रोजेक्टरच्या खोलीत बहुधा कोणी जात नाही, आणि चित्रपटगृहातली सर्वांत बोलकी खोली तीच असते. दोन हजार फुटांचे रीळ साधारण वीस-बावीस मिनिटे चालते. ते संपत आले की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो. ऑपरेटर दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करतो. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका येतो आणि त्या क्षणी तो एकाचा प्रकाश बंद करून दुसऱ्याचा उघडतो. हे जमले तर प्रेक्षागारात कोणाला कळतही नाही. कार्बनच्या कांड्यांच्या दिव्याचे दिवस होते तोवर या दोन ठिपक्यांच्या मधल्या वेळात त्याला ज्योतीवरही नजर ठेवावी लागे, कारण कांड्या जळून त्यांच्यातले अंतर वाढले की पडद्यावरचा उजेड पिवळा पडतो. खोलीच्या भिंतीवर चित्रपटांची नावे, रिळांची संख्या, तुटलेल्या जोडांच्या नोंदी, यंत्र दुरुस्त केल्याच्या तारखा पेन्सिलीने लिहिलेल्या असतात. हे छायाचित्रात टिपायला एक दुपार लागते. कार्बनचा दिवा हाताळलेली माणसे आता वृद्ध आहेत, आणि २०१० नंतरच्या काही वर्षांत डिजिटल यंत्रे आल्यावर फिल्मवर काम करणारी शेवटची पिढीही खोल्यांतून बाहेर पडली. त्यांच्याशी बोलायला जाण्याचे काम पुढच्या वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेवर ढकलू नये, अशी इतिहास मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे.

काही चित्रपटगृहांच्या इतिहासात असा एखादा दिवस असतो की त्याच्यापुढे बाकीचे सगळे थांबून जाते. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या केम्प टाउन भागात समुद्रापासून जवळच ओडियन चित्रपटगृह होते. शनिवारी १४ सप्टेंबर १९४० रोजी दुपारच्या खेळाला मुलांची गर्दी असताना त्याच्यावर बॉम्ब पडला. आतली चार मुले आणि दोन प्रौढ दगावले आणि त्याच हल्ल्यात आसपासच्या वस्तीतही अनेकांचे प्राण गेले. दुरुस्तीनंतर चित्रपटगृह पुन्हा सुरू झाले, पुढे बंद पडले आणि शेवटी पाडले गेले. अशा जागेचा इतिहास लिहिताना तो दिवस केंद्रस्थानी येणारच, आणि तो यायलाच हवा. पण त्यानंतर पुन्हा दारे उघडली तेव्हा पहिल्या खेळाला कोण आले, मुलांना पाठवायला आया पुन्हा कधी धजावल्या, पडद्यावर हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याची सूचना दिसली की लोक उठत होते की बसून राहत होते, हेही त्याच इतिहासाचे भाग आहेत. वस्तीतल्या लोकांच्या आठवणी वेळेवर लिहून घेतल्या असतील तरच ते हाती लागतात.

बंद पडण्याच्या कारणांविषयीही थोडे लिहायला हवे, कारण ‘दूरचित्रवाणी आली आणि चित्रपटगृह बसले’ या एका वाक्यावर बहुतेक लेख संपतात. वाक्य खोटे नाही. ब्रिटनमध्ये १९४६ साली १६३ कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली होती, १९६० पर्यंत हा आकडा ५० कोटींच्या आसपास उतरला आणि १९८४ मध्ये साडेपाच कोटींच्याही खाली गेला. पण देशभराचा उतार सांगून एका गल्लीतले चित्रपटगृह अमुकच वर्षी का बंद पडले ते कळत नाही. शेजारचे दुसरे आणखी दहा वर्षे का चालले? किनाऱ्याची जमीन महाग झाली म्हणून मालकाला इमारतीपेक्षा मोकळा भूखंड किफायतशीर वाटला का? पाहुणे विमानाने दुसऱ्या देशांतल्या किनाऱ्यांवर जाऊ लागले का? वितरक नवे चित्रपट आधी मोठ्या साखळीच्या थिएटरांना देत होते आणि वस्तीला ते महिन्या-दोन महिन्यांनी मिळत होते का? करनिर्धारणाच्या वह्या, जमिनीचे व्यवहार आणि परवान्याचे नूतनीकरण एकत्र वाचले तर यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे मिळतात, आणि हे तिन्ही कागद आपल्याच निरनिराळ्या खात्यांत असतात.

शिवाय बंद पडणे म्हणजे इमारतीचे आयुष्य संपणे नव्हे. ब्रिटनमध्ये १९६० च्या जुगारविषयक कायद्याने व्यापारी बिंगोला, म्हणजे पैसे लावून आकडे जुळवण्याच्या खेळाला, वाट करून दिली आणि पुढच्या वर्षापासून चित्रपटगृहांमागून चित्रपटगृहे बिंगोची सभागृहे झाली. कुठे गोदाम झाले, कुठे प्रार्थनास्थळ, कुठे बाजार. हौशी इतिहासकार ही वर्षे एका ओळीत उरकतात, जणू ती इमारतीची अवनतीच होती. मला ते अन्यायाचे वाटते. ज्या बाई त्याच खुर्चीवर तरुणपणी चित्रपट पाहायला बसत होत्या त्याच पुढे तिथे आठवड्यातून तीनदा बिंगो खेळायला येत होत्या. त्यांच्या लेखी ती एकच जागा होती.

एक खंत सांगितल्यावाचून राहवत नाही. मी एका चित्रपटगृहाच्या परवान्याची फाइल मागितली होती. ती माझ्या भेटीच्या दोनच वर्षे आधी ‘मुदत संपलेली’ म्हणून नष्ट केल्याचे मला सांगण्यात आले. नियमाप्रमाणे ते बरोबर होते, आणि ज्या कारकुनाने नोंदवहीतली ती ओळ मला दाखवली त्यालाही मनापासून वाईट वाटत होते. त्या कचेरीचे नाव मी इथे घेत नाही, कारण दोष तिचा एकटीचा नाही. परवाना संपला की फाइल निरुपयोगी झाली असे नियम धरतो, आणि इतिहासाच्या दृष्टीने तिचा उपयोग नेमका तेव्हाच सुरू होतो. पालिकांनी कागद नष्ट करण्याच्या आपल्या वेळापत्रकात एवढाच बदल करावा की सार्वजनिक करमणुकीच्या जागांच्या फायली नष्ट करण्याआधी अभिलेखागाराला विचारले जाईल. अभिलेखागारांनीही जागेच्या टंचाईपायी केवळ दर्शनी नकाशे ठेवून पत्रव्यवहार वेगळा काढू नये. गंजलेल्या अडसराची गोष्ट पत्रव्यवहारात असते.

इतिहास मंडळांकडे माझे मागणे वेगळे आहे. ‘गावातले पहिले’, ‘सर्वांत मोठे’, ‘शेवटचा खेळ अमुक चित्रपटाचा’ ही विधाने एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरत जातात आणि तिसऱ्या लेखापर्यंत त्यांना पुराव्याचे वजन आलेले असते. मालक बदलला की नाव बदलते, त्यामुळे एकाच इमारतीची तीन चित्रपटगृहे मोजली गेल्याचे मी पाहिले आहे, आणि एकाच नावाच्या दोन इमारती एक धरल्याचेही. प्रत्येक तारखेपुढे ती कोणत्या कागदातून घेतली ते लिहिण्याची शिस्त मंडळांनी लावून घेतली, तर पुढच्या माणसाला निदान चूक कुठे शिरली ते शोधता येईल. ज्या गोष्टीला पुरावा सापडला नाही ती सांगितलेली आठवण म्हणून, सांगणाऱ्याच्या संमतीने, वेगळी छापावी. आठवणीचे मोल त्याने कमी होत नाही.

प्रत्येक जुने चित्रपटगृह वाचवा, असे मी म्हणत नाही. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ला स्योता गावातले एडन हे १८८९ मध्ये नाट्यगृह म्हणून बांधलेले सभागृह दीर्घकाळ बंद राहून २०१३ मध्ये पुन्हा खुले झाले, कारण सिनेमाचे आद्य प्रवर्तक ल्युमिएर बंधू यांच्या नावाशी त्याचे नाते होते आणि ते जपावे असे अनेकांना वाटले. वस्तीतल्या साध्या चित्रपटगृहाला असे नाव लाभलेले नसते आणि त्याची जागा घरांना किंवा शाळेला द्यावी लागली तर त्यात गैर काही नाही. मात्र पाडकामाच्या परवानगीत एक अट घालणे आपल्या हातात आहे: परवानगी मिळाल्यापासून भिंतीला पहिला घाव बसेपर्यंत एक दिवस स्थानिक मंडळाला आत जाऊ द्यावे, प्रोजेक्टरच्या खोलीसह सगळे मोजून आणि छायाचित्रांत टिपून घेऊ द्यावे, आणि कार्यालयाच्या कपाटांत व जिन्याखाली ज्या वह्या, तिकिटांच्या गुंडाळ्या, पगाराचे तक्ते सापडतील ते अभिलेखागारात पोहोचवावेत. मालकाला यात खर्च नाही आणि विलंबही नाही.

असा एखादा अर्ज या घडीला आपल्या टेबलावर असेल, तर त्याच पत्त्याची जुनी परवाना-फाइल आजच मागवून घ्यावी. नकाशा उघडताना दोन्ही हातांनी, सावकाश उघडावा; ट्रेसिंगचे कापड घडीवर विरलेले असते.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक प्रेक्षक आणि स्थानिक इतिहासाची अभ्यासक